वाचकांचे प्रश्न : पलटी नांगर आणि चाकाखालचं रान

ऊस कारखान्याला गेला आणि रानं मोकळी झाली, की माझ्या दारात दोन गोष्टींची गर्दी होते: वाकलेल्या नांगरांची आणि तुमच्या पत्रांची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नांगर, कुळव आणि रोटर (माती बारीक करणारं फिरत्या पात्यांचं औत) दुरुस्त करत मला 34 वर्षं झाली. प्रयाग चिखलीच्या शिवारात माझं दोन एकर रान आहे, त्यामुळं जे सांगतो ते बहुतेक आधी तिथं करून बघितलेलं असतं. या खेपेची जवळजवळ सगळी पत्रं पलटी नांगराचीच आहेत, म्हणजे माती हव्या त्या बाजूला पालथी टाकणाऱ्या ट्रॅक्टरच्या नांगराची. पाण्याचे आणि खतांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत.

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. शिरोळ तालुक्यात आमची काळीभोर चार एकर जमीन आहे. फेब्रुवारीत खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक) मोडला. रान कडक होतं म्हणून पाणी दिलं आणि चार दिवसांनी 55 एचपीच्या ट्रॅक्टरला दोन फाळी पलटी लावून नांगरून घेतलं. आता डोक्याएवढी ढेकळं पडलीत. दोनदा रोटर मारला तरी फुटत नाहीत. ट्रॅक्टरवाला म्हणतो, जमीनच तशी. चूक कुणाची?

उत्तर : दादा, जमीन तशी नाही आणि ट्रॅक्टरही वाईट नाही. दिवस चुकला. पाणी दिल्यावर वरची दोन-तीन इंच माती सुकली, पाय रुतेनासा झाला, म्हणजे वाफसा, नांगरण्याजोगी ओल, आली असं तुम्ही धरलंत. नांगर चालतो दहा इंचांवर. तिथली माती अजून लोण्यासारखी होती. अशा मातीतून फाळ गेला की माती फुटत नाही, नुसती कापली जाते. नांगरट झाली त्या दिवशीची पालटलेली माती आठवा. कापलेली बाजू उन्हात चकाकत होती का? साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसत होती का? तसं असेल, तर हवा आणि पाणी जायची मातीतली सगळी भोकं त्या एका फटक्यात लिंपली गेली. ती वडी वाळली की तिची वीट होते. रोटर विटेला वरून खरवडतो. त्यातनं जो भुकटा निघतो, त्याची पहिल्या पावसात खपली धरते.

वाफसा बघायचा तो खालच्या मातीचा. कुदळीनं दहा इंच खणा. तळाची मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून टणक जागेवर सोडा. चपटा होऊन बसला तर घरी जा. फुटून रवाळ पसरला तर ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. असा लाडू रानात चार ठिकाणी वळून बघा, कारण पाटाच्या बाजूची ओल आणि लांबच्या टोकाची ओल कधीच सारखी नसते.

हे मी स्वतःचं रान बिघडवून शिकलोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी आमच्या शिवारात शिरलं आणि उभा ऊस कुजला. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनाच घाई झाली होती. दसऱ्याच्या आत रान रिकामं करून पूर्वहंगामी लावण करायची, एवढंच डोक्यात होतं. गाळाची पापडी वरून वाळून तडकली होती, ती बघून मी नांगर घातला. खाली कुदळ मारून बघितली नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो तेच त्या दिवशी केलं नाही. पुढच्या पावसाळ्यात रानाच्या मधोमध पाणी तुंबायला लागलं. तिथला ऊस पिवळा पडला आणि कांडी तोकडी राहिली. खतं देऊन बघितली, फरक पडला नाही. शेवटी टिकाव घेऊन खड्डा काढला. दहा इंचांपर्यंत माती हाताला सुटत होती. त्याखाली टिकाव टणकन वाजला. चार बोटं जाडीचा थर, रंग निळसर काळा, वास कुजकट. उसाची मुळं तिथपर्यंत सरळ उतरली होती आणि तिथून काटकोनात वळून आडवी गेली होती, फरशीवर सुतळी सांडावी तशी. तो खड्डा मी महिनाभर बुजवला नाही. पोराला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला.

तो थर फोडायला मला तीन हंगाम लागले. मे महिन्यात, रान खोलवर कोरडं ठणठणीत असताना सबसॉयलर, म्हणजे माती न पालटता खालचा थर फोडणारं औत, उभा-आडवा मारला. ओल्या रानात सबसॉयलर मारला तर तो भेगा पाडत नाही, नुसती एक चीर काढून जातो. मग हिरवळीचं खत म्हणून ताग केला आणि फुलोऱ्यात गाडला. तुम्हाला एवढं करावं लागेल असं नाही. आत्ता रोटर बंद करा. ढेकळं उन्हात पडू द्या. काळ्या रानाला भिजणं आणि वाळणं हेच खरं औत आहे. एखादा वळीव झाला, ढेकळं भिजली, दोन दिवसांत वरून सुटायला लागली की लगेच कुळव धरा. वळीव लांबला तर हलकं पाणी सोडा, पण रान चिंब करू नका. आणि तुमच्या तालुक्यात क्षारपड वाढली आहे, म्हणून मातीची तपासणीही करून घ्या. मातीत सोडियम वाढलं तर योग्य दिवशी नांगरलं तरी ढेकळं घट्टच राहतात, मग इलाज वेगळा.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. परदेशातल्या शेतीचे व्हिडिओ बघतो. 500 एचपीचा ट्रॅक्टर, मागं 12 फाळांचा पलटी नांगर, एका फेरीत 20 फूट रान काळंभोर. असा एक ट्रॅक्टर गावानं मिळून आणला तर सगळ्या शिवाराची नांगरट दोन दिवसांत होईल ना? (करवीर तालुका)

उत्तर : बाळा, तुझा हिशोब बरोबर आहे, तो पुरा करून बघू. आपल्या दोन फाळी पलटीची रुंदी दोन फूट धरली, तर एक एकर नांगरायला ट्रॅक्टर साडेसहा किलोमीटर चालतो. बैलांच्या नांगराचं तास, म्हणजे एका फेरीत पडणारी चर, आठ इंचांचं धरलं, तर तुझ्या आज्याला त्याच एकरासाठी बैलांमागं 20 किलोमीटर चालावं लागायचं. तुझा 20 फुटी नांगर तो एकर पाऊण किलोमीटरच्या आत संपवतो. दहा इंच खोल एक एकर म्हणजे साधारण 1,300 टन माती उचलून पालथी करायची असते. ते बघून तुझा जीव हरखतो, माझाही हरखतो. त्या वळणदार पात्यावरून माती पाण्यासारखी वाहते तेव्हा मीसुद्धा व्हिडिओ थांबवून पुन्हा बघतो.

पण तो नांगरच 40 फुटांच्या वर लांब असतो. आपल्याकडं दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे. दहा गुंठे म्हणजे शंभर फूट बाय एकशे नऊ फूट. एवढं धूड तिथं वळवायलाच निम्मं रान जाईल.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. आपला 50 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो. तो 500 एचपीवाला बऱ्याचदा 20 टनांच्या आसपास किंवा पुढं. चाकाखाली वरची सहा-आठ इंच माती किती दबते ते टायरातल्या हवेवर ठरतं. त्याखाली किती दबते ते एका एक्सलवर किती वजन आहे त्यावर ठरतं. रुंद टायर लावले, पट्टे लावले, तरी वरची माती वाचते. खालची वाचत नाही. वरची माती नांगरानं मोकळी होते. दोन फुटांवरची दबली तर ती मोकळी करणारं औत तुझ्या-माझ्याकडं नाही.

त्या व्हिडिओत एक गोष्ट बारकाईनं बघ. मोठ्या ट्रॅक्टरची चाकं तासात उतरत नाहीत. रुंद चाक तासात मावतच नाही, म्हणून सगळी चाकं न नांगरलेल्या रानावर चालतात आणि नांगर बाजूला सरकवून जोडलेला असतो. आपल्याकडं जाताना एका बाजूचं आणि येताना दुसऱ्या बाजूचं चाक थेट तासाच्या तळावर चालतं. म्हणजे वरची माती बाजूला करून आपण खालच्या मातीवर चाक फिरवतो, तेही प्रत्येक फेरीला. वर, हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढताना टायरात ठासून भरलेली हवा नांगरटीला कुणी कमी करत नाही. टायर कंपनीच्या तक्त्यात रानातल्या कामाची हवा वेगळी दिलेली असते. तेवढी ठेवली तरी चाकाखालचा दाब कमी होतो. आणि भरलेली ट्रॉली ओल्या रानात घातली तर नांगरणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त नुकसान तीच करते. वडिलांना सांग, ट्रॉली शक्यतो बांधाकडच्या एकाच वाटेनं आत-बाहेर करा.

अजून एक. युरोपात बरेच शेतकरी थंडीच्या आधी नांगरतात आणि ढेकळं तशीच सोडतात. हिवाळ्यात ढेकळातलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, आणि वसंतात माती आपोआप भुसभुशीत होते. आपल्याकडं ते काम एप्रिल-मेचं ऊन आणि वळीव करतात. त्यांचं यंत्र आणता येईल, त्यांची थंडी आणता येणार नाही. आणि अमेरिकेत 1930 च्या दशकात काय झालं तेही वाचून काढ. तिथल्या मोठ्या गवताळ मैदानांवर ट्रॅक्टरनं नांगरट करत गेले, मग लागोपाठ दुष्काळ पडला आणि सुटी झालेली माती वाऱ्यानं आभाळात गेली. त्यानंतर तिथंच नांगर न घालता पेरायचं तंत्र वाढलं.

प्रश्न : दादा, मी कागल तालुक्यातली. मालक दोन वर्षांपूर्वी गेले. दीड एकर आहे, नांगरट भाड्यानं करून घेते. ट्रॅक्टरवाला सांगतो एक फूट खोल नांगरलं, पण मला खरं-खोटं कळत नाही. दर वर्षी बांधही थोडा कोरला जातो. बाई बघून बोलतात. काय करू?

उत्तर : वहिनी, भाडं ठरवताना खोली ठरवा आणि ती चार माणसांसमोर बोला. मग पहिली दोन तासं होताना रानात उभ्या राहा, घरात थांबू नका. एक सरळ काठी घ्या, तिच्यावर नऊ इंचांवर एक आणि दहा इंचांवर एक खूण करा. मोजायचं ते न नांगरलेल्या रानाच्या वरच्या कडेपासून तासाच्या तळापर्यंत. पालटलेल्या मातीच्या ढिगावरून मोजू नका, कारण माती फुगते आणि सहा इंचांची नांगरट फूटभर दिसते. बहुतेक "एक फूट" असाच निघतो. तिसऱ्या तासाला ट्रॅक्टर थांबवून मोजून दाखवा. एकदा दाखवलंत की पुढं काठी बघूनच खोली बरोबर येते. तुम्हाला एक फूट लागतही नाही. उसासाठी नऊ-दहा इंच पुष्कळ झाले. दर वर्षी त्याच खोलीवर मात्र नांगरू नका, तळाला थर धरतो. एका वर्षी आठ, एका वर्षी दहा, असा फेर ठेवा.

चाक किती घसरतंय तेही तुम्हाला बघता येईल. मागच्या टायरवर खडूनं रेघ ओढा. नांगर उचललेला असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती लांब जातो ते पावलांनी मोजा. मग नांगर जमिनीत असताना तेच करा. पहिल्यांदा 130 फूट आणि दुसऱ्यांदा 112 फूट आले, तर चाक साधारण 14 टक्के घसरतंय. हे ठीक आहे. दुसऱ्यांदा शंभराच्या खाली आलं तर चाक रान घासतंय आणि डिझेल वाया जातंय. अशा वेळी खोली कमी करायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलवा.

बांधाचं म्हणाल, तर पलटी नांगराचा गुणच हा आहे की माती कुठल्या बाजूला टाकायची ते आपल्या हातात असतं. साध्या नांगरानं मधोमध नाळ पडते किंवा उंचवटा येतो. पलटीनं सगळी माती एकाच अंगाला जाते. पहिलं तास बांधाकडं माती टाकत घ्यायला सांगा, आणि बांधापासून दोन फूट सोडून. ते दोन फूट कुदळीनं करा किंवा गवताला राहू द्या. रान उताराचं असेल तर माती नेहमी चढाच्या बाजूला टाकून घ्या. वर्षानुवर्षं खाली टाकत गेलं की वरच्या अंगाला मुरूम उघडा पडतो.

आणि तुम्ही बाई आहात म्हणून कुणी बोलत असेल, तर काठीवरच्या खुणेवर बोट ठेवा आणि बोलू द्या. गेल्या वर्षी एक भगिनी वर्कशॉपमध्ये स्वतःचा फाळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी झीज बोटानं दाखवली, ती माझ्या पोरांना दिसली नव्हती.

प्रश्न : गोठ्याच्या माळ्यावर आजोबांचा जुना किर्लोस्कर लोखंडी नांगर सापडला. भंगारात द्यावा का?

उत्तर : देऊ नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर 1903 मध्ये बनवला, तेव्हा लोखंड लागलं की जमीन नासते, असं लोक म्हणायचे. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीची वसाहत 1910 ची. तो नांगर उन्हात ठेवा आणि त्याच्या पात्याच्या पिळावरून तळहात फिरवा. फाळ खालून माती कापतो, पातं तिला उचलतं, पिळतं आणि पालथी टाकतं. आजच्या दोन फाळी पलटीचं पातंही हेच काम याच वळणानं करतं. तेल लावून ठेवा.

याच पत्रात विचारलंय की नव्या नांगराला काळी माती चिकटते, आजोबांच्या नांगराला चिकटत नसे. कारण आजोबा नांगर सोडल्यावर पातं पुसून त्याला तेल लावत असणार. पातं आरशासारखं असेल तरच चिकट माती त्याच्यावरून सरकते. 1837 मध्ये अमेरिकेत जॉन डिअर नावाच्या लोहारानं करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून नांगर घडवला, तो याच अडचणीवर. तिथल्या चिकट काळ्या मातीत ओतीव लोखंडाचे नांगर भरून यायचे आणि शेतकऱ्याला दर थोड्या अंतरावर थांबून माती खरवडावी लागायची. तुमचा पलटी नांगर पावसाळाभर उघड्यावर गंजला असेल, तर पहिला दिवस वाळूमिश्रित रानात चालवा, पातं आपोआप घासून निघेल. काम संपलं की जळकं तेल चोपडा. दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्मी माणसं ते करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी भाड्यानं नांगरट करतो. दगडात नांगर अडकला की शिअर बोल्ट तुटतो. वैतागून कडक बोल्ट घातला, आता तुटत नाही. योग्य आहे का? (पन्हाळा तालुका)

उत्तर : अजिबात नाही. आजच काढा. तो बोल्ट तुटण्यासाठीच दिलाय. तो तुटला नाही की फाळाची दांडी वाकते, ती वाकली नाही की फ्रेमला चीर जाते, आणि ते सगळं तगलं तर झटका ट्रॅक्टरच्या लिफ्टला बसतो. माझ्या दारात आज सात नांगर उभे आहेत. त्यातल्या चार फ्रेमा अशाच गेल्यात. वाकलेली दांडी गरम करून सरळ करता येते, पण तिची पहिली ताकद परत येत नाही. खिशात दहा शिअर बोल्ट ठेवा, कंपनीनं सांगितलेल्या मापाचे आणि सांगितलेल्या कडकपणाचे. बोल्ट सारखेच तुटत असतील, तर फाळाचं टोक बघा. बोथट फाळ जमिनीत शिरत नाही, मग तुम्ही टॉप लिंक, म्हणजे वरचा जोडदांडा, आखडता, नांगर नाकावर उभा राहतो आणि प्रत्येक दगडाला भिडतो. फाळ बदला किंवा लोहाराकडून शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून आणा. नांगर चालताना मागून आणि बाजूनं बघा, फ्रेम जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

प्रश्न : एकीकडं खोल नांगरटीनं हुमणी मरते म्हणतात, दुसरीकडं नांगरूच नका म्हणतात. तुम्ही नांगराच्या धंद्यातले. खरं सांगाल का? (भुदरगड तालुका, लाल माती)

उत्तर : खरंच सांगतो. उन्हाळी नांगरटीनं हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, कमी होते हे मी डोळ्यांनी बघितलंय. नांगरामागं बगळे, कावळे, साळुंख्या रांग धरतात आणि उघडी पडलेली अळी, कोष, भुंगेरे वेचतात. पण नांगरटीनं ती संपत नाही. भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर येतात, तेव्हा गावानं मिळून झाडं हलवून ते गोळा केले नाहीत, तर शेजारच्या रानातनं हुमणी परत येते. म्हणून फक्त हुमणीसाठी दर वर्षी फूटभर नांगरू नका.

नांगराशिवायही पिकं येतात. आपल्या कोल्हापुरातच प्रताप चिपळूणकरांनी विना-नांगरणीची शेती करून दाखवली आहे. मी स्वतः एका एकरात दोन खोडवे नांगर न घालता घेतलेत, पाचट न जाळता सरीत कुजवून. माती मऊ झाली आणि गांडुळं परत आली. तरीही महापुराचा गाळ बसलेलं रान, हरळीनं भरलेलं रान, किंवा वर्षानुवर्षं शेणखत नुसतं वर पडलेलं रान मला पलटीशिवाय ताब्यात आणता आलेलं नाही. माझ्या मते लावणीच्या उसाआधी एकदा, तीन-चार वर्षांतनं, कोरड्या दिवसात, हे पुरेसं आहे.

तुमच्या रानाला मात्र मी एवढंही सांगणार नाही. भुदरगडची लाल माती बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटांवर संपते आणि खाली मुरूम किंवा जांभा लागतो. आधी पहारीनं चार ठिकाणी खोली बघा. मुरूम बारा इंचांवर लागत असेल तर पलटी घालूच नका. एकदा मुरूम वर आला की तो परत खाली घालता येत नाही आणि खालची नापीक माती पिकाच्या तोंडाशी येते. फणाचा कल्टीव्हेटर पाच-सहा इंच, उताराला आडवा, एवढंच करा. भुईमुगाला, नाचणीला, भाताला तेवढं पुरतं. एक पलटी तुमच्या दारात आधीच उभा असेल, तर तो खाली पंचगंगेच्या काठच्या कुणाला भाड्यानं द्या. पाठवण्याआधी मला कळवा, मी फाळ बघून देईन.